लखुजी सर

हजेरीपासून सुरुवात करतो, कारण माझीही तिथूनच झाली. शिक्षणसेवक म्हणून रुजू व्हायला सिंदखेडराजा तालुक्यातल्या त्या द्विशिक्षकी शाळेच्या दारात मी उभा होतो. हातात आदेशाचा कागद, आणि आतून आवाज:

"नेताजी पालकर?"

"येऊन राहिला सर, वाटंत हाय."

"म्हणजे नेहमीसारखा उशिरा. हिरोजी फर्जंद?"

"झोपला."

"झोपू द्या. त्याची कामगिरीच ती आहे. बहिर्जी नाईक?"

कोणी बोललं नाही.

"दिसत नाही म्हणजे इथंच कुठंतरी असणार," सर म्हणाले. हजेरीपटावर मात्र त्यांनी गैरहजेरीची खूण केली. इतिहास इतिहासाच्या जागी, सरकारी कागद कागदाच्या जागी, हा त्यांचा बाणा मला पुढं नीट कळला. त्या दिवशी एवढंच कळलं की आपण शाळेत नाही, गडावर रुजू होत आहोत.

सरांचं खरं नाव सांगत नाही. ते सेवापुस्तकात आहे, तिथंच बरं. सगळं केंद्र त्यांना पाठीमागं 'लखुजी सर' म्हणायचं, आणि हे ठाऊक असूनही ते रागवायचे नाहीत. उलट सुखावायचे. सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांबद्दल ते असं बोलायचे की नवख्याला वाटावं, यांचे कोणी चुलते कालपरवा वारले आणि सुतक अजून फिटलेलं नाही. १२ जानेवारी १५९८ ला लखुजींच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला, हे वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. सर ते सांगताना आवाज खाली आणायचे, जणू पलीकडच्या खोलीत बाळंतीण झोपली आहे.

अंगानं किरकोळ. शर्टाच्या खिशात तीन पेन: लाल चुकांसाठी, निळा सरकारसाठी आणि हिरवा 'गड आला' म्हणून. हा हिरवा पेन त्यांच्या अध्यापनशास्त्राचा गाभा होता. चौथीला बालभारतीचं शिवछत्रपतींचं पुस्तक असतं, पण ते वाचता आलं तर. आमच्या निम्म्या पोरांची गाडी काना-मात्रेवर अडायची. बाकीचे शिक्षक म्हणत, आधी वाचन, मग इतिहास. सरांचं उलटं. "वाचायला काहीतरी कारण लागतं ना हो," ते म्हणायचे. "कमल, नमन, गवत वाचून कोणाचं भलं झालं? कमळ पुढं काय करतं? काही करत नाही. गवत कोणाला दगा देतं का? मग पोरगं दुसरी ओळ कशाला वाचंल?"

म्हणून मागच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं गड काढले होते, आणि गडांचा क्रम भूगोलाचा नव्हता, इतिहासाचाही नव्हता; तो होता जोडाक्षरांचा. राजगड पहिला, कारण त्यात नुसता एक काना. मग तोरणा. मग शिवनेरी, वेलांट्या आणि मात्रा अंगवळणी पडण्यासाठी. अनुस्वाराला पुरंदर. 'प्र' आला की प्रतापगड, 'न्ह' आला की पन्हाळा. सगळ्यात शेवटी सिंधुदुर्ग: वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि डोक्यावर रफार. महाराजांना तो बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली. आमच्या बाजीप्रभूनं तो दीड वर्षात लिहिला.

न चुकता वाचला आणि लिहिला की हिरव्या पेनानं वहीत 'गड आला'. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की वर्गाला शब्द आठवायचे नाहीत. याला सरांनी नाव दिलं होतं पुरंदरचा तह. १६६५ साली महाराजांना मिर्झाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, बारा राखता आले. सुट्टीत आपलेही गेले, आता परत घ्यायचे. पोरांना याची लाज वाटायची नाही. साक्षात महाराजांचे गेले होते म्हटल्यावर आपली काय कथा!

एक किल्ला मात्र भिंतीवर दूर, खिडकीच्या पलीकडं, निळ्या खडूच्या पाण्यात काढलेला होता. जंजिरा. त्याच्यावर एकच अक्षर: त्र्य. चारित्र्य, स्वातंत्र्य, दारिद्र्याच्या शेजारी राहणारं. महाराजांना जंजिरा शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि सरांच्या वर्गाला त्र्य. शासनाचा कुठलाही तक्ता आला की त्यात 'चारित्र्यसंवर्धन' असा रकाना असायचाच. सर त्यात प्रामाणिकपणे लिहायचे: 'वेढा चालू आहे.'

पोरांना नावं वाटताना सर वशिला चालू देत नसत. शिवाजी महाराज दर महिन्याला बदलायचे. ज्याचे गड जास्त, तो गादीवर. जिजाऊ व्हायला प्रत्येक पोरगी तयार, म्हणून तिथं पाळी. बाजीप्रभू हा मात्र कायमचा, कारण अंगापिंडानं तो दारात मावायचा नाही. खिचडीच्या वेळी तो स्वयंपाकखोलीच्या चौकटीत हात पसरून उभा राही. आतून काकूंनी उलथणं कढईवर तीनदा वाजवलं, म्हणजे महाराज विशाळगडावर पोचले, म्हणजे खिंड सोडायची. त्याआधी एक पोरगं आत शिरत नसे. केंद्रप्रमुखांनी एकदा ही शिस्त पाहिली आणि तिला 'नवोपक्रम' म्हणून वर कळवा असं सुचवलं. सरांनी नकार दिला. वर कळवलं की तक्ता येतो.

घोटाळा झाला तो अफजलखानाचा. हे नाव वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड पोराला मिळालं होतं. पोरगं मोठं गुणी. रोज दुपारच्या सुट्टीत प्रतापगड व्हायचा आणि रोज ते मरायचं. एके दिवशी त्याची आई शाळेत आली, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून.

"सर, माह्या पोराले रोज कायले मारता?"

"मी नाही मारत बाई. महाराज मारतात."

"कोणी का मारंना. सदऱ्याचं एक बटन राह्यलं नाही. जूनपासून रोज कोथळा काढून राह्यले त्याचा. दुसरं काही नाव द्या जी. ज्याले कोणी मारत नाही, असं."

मागणी रास्त होती. त्या रात्री साडेदहाला सरांचा मला फोन आला. आवाजात हताशपणा. "मी सगळी यादी काढून पाहिली हो. तानाजी गेला, मुरारबाजी गेला, बाजीप्रभू गेला. आमच्या लखुजीरावांचं तर काय सांगायचं! मराठ्यांच्या इतिहासात सुखानं मेलेला माणूस काही सापडत नाही."

मला झोप येत होती. ऑफिसच्या भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, लिंकनचं हेडमास्तरांना पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. महाराष्ट्रात ते कुठल्या शाळेत नसतं? म्हणून म्हटलं, "लिंकन करून टाका."

"कसा मेला?"

"१८६५ ला गोळी घातली. नाटक बघत होता."

"छ्या. मग त्याची आई परत यायची."

"मग वॉशिंग्टन. अंथरुणात मेला. १७९९, घसा सुजून."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग हिरव्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला, अशी माझी खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी अफजलखानाची बदली अमेरिकेत झाली. आणि माणूस नेमला म्हणजे त्याचा मुलूखही शिकवावा लागतो, असं सरांचं तत्त्व असल्यामुळं सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत अमेरिकेचा इतिहास सुरू झाला, जो कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हता. वॉशिंग्टन हे नाव फळ्यावर लिहिताना सर 'वॉ'वर थांबले. "पाहा, हा अर्धा चंद्र. आपल्या एकाही गडावर नाही. हा समुद्रापलीकडून आलेला आहे." वर्गानं अर्धचंद्राकडं आदरानं पाहिलं.

तेरा वसाहती समजावणं त्यांना अगदीच सोपं गेलं, कारण बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. घाटावरचे आणि घाटाखालचे मिळून तेरा. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. राजा समुद्रापार, त्याच्या दरबारात यांचा एक माणूस नाही, पण चहावर कर मात्र यांनी द्यायचा. १७७३ साली बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. आमच्याकडं समुद्र नाही, म्हणून सरांनी लोणारचं तळं घेतलं. खारं तर तेही आहेच. "मंग तळं गुलाबी झालं थे त्याच्यानंच काय सर?" असं एकीनं विचारलं. २०२० च्या जूनमधली गोष्ट पोरांनी आईबापांच्या मोबाइलवर पाहिलेली. "नाही, ते वेगळं," सर म्हणाले, पण नाइलाजानं. उपमा हातची गेल्याचं दुःख चेहऱ्यावर दिसत होतं.

१७७६ च्या चार जुलैला स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि १७८१ ला यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढं इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस हरला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडं गव्हर्नर जनरल होऊन आला.

"तिकडून हाकलला तं इकडं कसा पाठवला सर?" नेताजी पालकर, जो त्या दिवशी चुकून वेळेवर आला होता.

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. "बदली," सर म्हणाले. जिल्हा परिषदेच्या दोन नोकरांनी या विषयावर अधिक बोलणं बरं नव्हतं.

लिंकनचा नंबर लागला तो कापसामुळं. सरांची सासुरवाडी खामगावची, घाटाखालची, आणि एरवी ते घाटाखाली काही चांगलं घडलं असं सहसा कबूल करत नसत. पण फेब्रुवारीत घरोघरी कापूस पडून होता, भाव येईना, आणि पोरं रात्री कापसाच्या ढिगावरच झोपायची. तेव्हा एका दुपारी त्यांनी फळ्यावर एका टोकाला अमेरिका काढली, दुसऱ्या टोकाला खामगाव, आणि मध्ये इंग्लंडमधल्या मॅंचेस्टरच्या गिरण्यांचा धूर. गिरण्यांना कापूस लागे तो बहुतेक अमेरिकेचा. १८६१ ला तिथं उत्तरेत आणि दक्षिणेत लढाई पेटली, लिंकननं दक्षिणेची बंदरं कोंडली, गिरण्या उपाशी मरायला लागल्या, आणि मॅंचेस्टरच्या व्यापाऱ्याला वऱ्हाड आठवलं. भाव असा चढला की विचारू नका. १८६५ ला लढाई संपली, भाव कोसळला. पण खामगावच्या कापसाच्या बाजाराचं नाव झालं ते झालं, आणि १८७० ला जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला. "माझे सासरे त्याच गाडीत बसून हुंडा ठरवायला आले होते," हे सरांनी जाता जाता घातलं. तेवढं इतिहासात धरू नये.

हिरोजी फर्जंद जागा होता. तो म्हणाला, "सर, आता कुठं लढाई नाही काय? बाप्पाचा कापूस घरातच हाय."

वर्ग हसला नाही. बऱ्याच जणांच्या बाप्पांचा कापूस घरातच होता.

मग त्या महिन्याच्या जिजाऊनं विचारलं, "अमेरिकेत कापूस कोण येचे सर?" तिची आई किलोच्या भावानं वेचणीला जायची, तिला दर पाठ होते.

"गुलाम. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, त्यांची लेकरं, नातवंडं."

"किलोमागं किती भेटे?"

"काही नाही."

"चहापाणी?"

सरांनी फळ्याकडं तोंड केलं आणि 'गुलामगिरी' असं लिहिलं. महात्मा फुल्यांनी १८७३ ला या नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मोकळं केलं होतं, एवढं सांगून ते थांबले. पोरांनी शब्द वाचला. एका दमात, सगळ्यांनी. सरांनी शेजारी 'स्वातंत्र्य' लिहिलं. तिथं वर्ग अडला. "बघा," सर खडू झटकत माझ्याकडं वळून म्हणाले, "पहिल्यात एक जोडाक्षर नाही, आणि दुसऱ्यात शेवटी जंजिरा. लिपी बसवणाऱ्यानं जरा विचार करायला पाहिजे होता." त्यांना यात दुसरं काही दिसलं नव्हतं. खरंच दिसलं नव्हतं; ते फक्त शुद्धलेखनाबद्दल बोलत होते.

२२ फेब्रुवारीला परिपाठात दिनविशेष होता वॉशिंग्टनची जयंती, आणि बोधकथेला अर्थातच ते झाड. लहान जॉर्जनं नव्या कुऱ्हाडीनं बापाचं लाडकं चेरीचं झाड तोडलं, बापानं विचारल्यावर खोटं न बोलता कबूल केलं, बापानं पोटाशी धरलं. चेरी म्हणजे केकवरचं लाल ते, हे दोघातिघांना माहीत होतं. बाकीच्यांसाठी सरांनी तिचं सीताफळ केलं. गोष्ट रंगली. आमचा वॉशिंग्टन पहिल्या रांगेत मांडी घालून, मान ताठ करून ऐकत होता. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच अशी गोष्ट मिळाली होती जिच्यात तो शेवटी उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडली तर परसबागेतला शेवगा आडवा. कोवळा, डोक्याएवढ्या उंचीचा, फुलावर आलेला. ऑफिसच्या दाराशी वॉशिंग्टन, हातात घरचा कोयता.

सर गाडीवरून उतरले. शेवग्याकडं पाहिलं, कोयत्याकडं पाहिलं.

"कोणी तोडलं रे?" त्यांनी विचारायला नको होतं. त्यांनी विचारलं म्हणजे ते गोष्टीत शिरले.

"म्या तोडलं सर." पोरगं पुढं झालं, कोयता खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरले. "आता मले पोटाशी धरा."

सरांनी धरलं. काय करणार? पोरगं छातीएवढं, सर किरकोळ. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की प्रतापगडच चालला आहे, फक्त माणसं उलटी. खिचडीवाल्या काकू शेंगांच्या आशेवर त्या झाडाला रोज तांदळाचं धुवण घालायच्या. त्यांनी त्या दिवशी वरणात हळद टाकली नाही, हा त्यांचा निषेध. आणि वृक्षारोपणाच्या अहवालात जगलेल्या झाडांची संख्या एकानं कमी झाली. पुढच्या रकान्यात कारण विचारलेलं होतं. सरांनी निळ्या पेनानं लिहिलं: 'अमेरिकेचा इतिहास.'

खरी आफत मी आणली. मला राहवलं नाही. त्या संध्याकाळी मोबाइलवर शोधत बसलो, आणि सकाळी शिपाई नसलेल्या त्या शाळेत दोघं मिळून झाडू मारताना सांगून टाकलं: "सर, ती गोष्ट खरी नाही."

"कोणती?"

"झाडाची. वॉशिंग्टन मेल्यावर वीम्स म्हणून एक पाद्री होता, गावोगाव फिरून पुस्तकं विकायचा. त्यानं १८०० ला वॉशिंग्टनचं चरित्र काढलं. त्यातही पहिल्यांदा ही गोष्ट नव्हती. ती १८०६ च्या आवृत्तीत घातली. पुढं तिथल्या शाळांच्या वाचनपाठांत गेली. आणि सर, मूळ गोष्टीत झाड तोडलेलंही नाही. पोरानं कुऱ्हाडीनं त्याची साल काढली, एवढंच."

सर झाडूवर हात ठेवून उभे राहिले. "म्हणजे आपला शेवगा," ते हळूच म्हणाले, "मूळ गोष्टीपेक्षा जास्त तुटला."

तीन दिवस ते गप्प होते. हजेरीसुद्धा खऱ्या नावांनी घेतली, आणि पोरांना आपली खरी नावं ओळखू येईनात. चौथ्या दिवशी परिपाठात बोधकथेच्या वेळी ते स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी निघाली." आणि वीम्सचं सगळं सांगितलं, साल-सनावळीसकट.

जिजाऊ विचारात पडली. "खोटं बोलू नये, हे सांगाले तो खोटं बोलला?"

"हो."

"मंग त्याले कोणी काही म्हटलं नाही?"

"पुस्तक फार खपलं त्याचं."

वॉशिंग्टन उठून उभा राहिला. माझ्या पोटात गोळा आला. याला आता काय सांगणार? तो म्हणाला, "सर, तुमी कबूल केलं ना? मंग तुमाले कोणी पोटाशी धरायचं?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढं आला. सरांचा चष्मा त्या दिवशी वाकला तो अजून तसाच आहे.

त्या दिवसापासून वर्गात एक नवा शब्द रुळला. कुठलीही गोष्ट सांगा, एखादं तरी बोट वर: "सर, हे वीम्सचं हाय काय?" आधी सरांना याचं कौतुक वाटलं. सहलीला मात्र ते अंगावर आलं.

सहल म्हणजे एसटीनं सिंदखेडराजा. राजवाड्याच्या दरवाज्यापाशी पुरातत्त्व खात्याचा फलक पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतला. निळकंठेश्वर झाला, मोतीतलावाच्या भिंतीवर बसून डबे खाल्ले. मग रंगमहालापाशी सरांनी आपली ठेवणीतली गोष्ट काढली: रंगपंचमीचा दरबार, लहानग्या शहाजीनं आणि जिजाऊनं एकमेकांवर उधळलेला रंग, लखुजींच्या तोंडून गमतीत निघालेला शब्द, आणि तो शब्द पकडून भर दरबारात उठलेले मालोजी. ही गोष्ट सांगताना सर तिन्ही माणसांचे आवाज काढतात. मी ती सात वेळा ऐकली आहे, आठव्यांदाही ऐकेन.

बोट वर गेलं. जिजाऊच.

"सर, हे वीम्सचं हाय काय?"

सरांनी एकदा महालाकडं पाहिलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. शेजारी उभं राहून मला ते पाहवेना. मनात म्हणत होतो, नाही म्हणा, एवढं एक नाही म्हणा, कोण तपासायला येतंय.

"बखरीत आहे," ते म्हणाले.

"बखर कधीची?"

"नंतरची." मग बऱ्याच वेळानं, "बरीच नंतरची."

पुढं लखुजींच्या समाधीपाशी ते काही रंगवून बोलले नाहीत. १६२९ च्या जुलैमध्ये दौलताबादला, निजामशहाच्या दरबारात, लखुजीराव, त्यांची दोन मुलं आणि एक नातू मारले गेले. एवढंच. बहिर्जी नाईक, जो सहलीला हजर होता, त्यानं विचारलं, "हे खरं हाय ना सर?" "हे खरं आहे," सर म्हणाले. पोरं चपला काढून, न सांगता रांगेनं आत गेली. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, "हे खरं आहे म्हणायला किती बरं वाटतं हो. पण बाकीचं हातातून जातंय तुमच्या त्या मोबाइलमुळं."

गेलंच. लिंकनचं पत्र उरलं होतं, त्याच्यावरही बोट आलं. दोघांनी बसून शोधलं. लिंकनचं सगळं लिखाण छापलेलं आहे. त्यात हे पत्र नाही. गंमत म्हणजे त्या माणसाला स्वतःला सगळी मिळून वर्षभरही शाळा मिळालेली नव्हती, आणि जगभरच्या हेडमास्तरांना शहाणपण शिकवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, फ्रेम काढून ठेवू. सर म्हणाले, "राहू द्या. काच फुटली तर डेडस्टॉकला लिहावं लागतं."

मार्चमध्ये वरून एक साहेब तपासणीला आले. पोरं वाचतात का पाहिलं, वाचत होती. खिंडीतून खिचडी सुटताना पाहिली. मग शेरेबुक लिहायला ऑफिसात बसले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. लिंकनच्या फ्रेमखाली वहीचं पान डिंकानं चिकटवलेलं, त्यावर मोठ्या अक्षरांत: 'हे पत्र लिंकनने लिहले नाही. चांगले आहे म्हणून ठेवले आहे.'

"हे काय आहे? कोणी लावलं?"

दारात गर्दी होती. तिच्यातून तो धिप्पाड पोरगा पुढं झाला. "म्या लावलं." हात पसरायच्या बेतात होता, मी डोळ्यांनी दाबलं.

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सर चष्मा सावरत भिंतीजवळ गेले, पान नीट वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून लाल पेन काढला.

"चुकलंच हो साहेब," ते म्हणाले. "'लिहिले'तली मधली वेलांटी खाल्ली यानं. दहा वेळा सांगितलं." आणि साहेबांसमोरच त्यांनी ती वेलांटी घातली, वर रेघ मारून.

साहेब थोडे गोंधळले, मग हसले, मग चहा घेतला. जाताना शेरेबुकात चांगला पानभर शेरा लिहिला. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर पोरांनी शेरेबुक ताब्यात घेतलं. वाचायला काही नवं मिळालं की ती सोडत नसत. वॉशिंग्टन बोट ठेवून, अक्षर लावून, मोठ्यानं वाचत होता. 'विद्यार्थ्यांचे' झालं. पुढच्या शब्दावर त्याचं बोट थांबलं. साहेबांनी लिहिलं होतं 'चारीत्र'.

त्यानं शब्द पुन्हा वाचला. भिंतीवरच्या निळ्या किल्ल्याकडं पाहिलं. आणि मागं वळून ओरडला, "सर, सायबालेबी जंजिरा घेता आला नाही!"